प्रमिलाबाईंचा टिळा

प्रमिलाबाई चौधरींचा विश्वास नेमका कशावर होता, हे गावात कुणालाच सांगता आलं नसतं. अविश्वास कशाकशावर होता, ते मात्र शेंबडं पोरही सांगेल. केळीच्या घडावर होता, कारण व्यापारी पावडर मारून पिकवतात. एसटीच्या पाटीवर होता. गाडीवर 'शहादा' असं ठळक लिहिलेलं असलं तरी त्या आधी कंडक्टरला विचारत, मग ड्रायव्हरला, आणि बसल्यावर शेजारच्या प्रवाशाला. थोरल्या लेकीचं लग्न ठरवायला गेल्या तेव्हा होणाऱ्या व्याह्यांकडचा चहाचा पहिलाच घोट घेऊन त्यांनी नवऱ्याच्या कानात सांगितलं, की दूध पावडरचं आहे, माणसं नीट पारखून घ्या. माणसं चांगली निघाली, लेक सुखात आहे, पण प्रमिलाबाई त्या घरी गेल्या की अजून काळाच चहा पितात.

गावाने हा स्वभाव नुसता सोसला नाही, कामाला लावला. त्याला कारण घडलं ते एका लग्नात. दुकानातून आणलेल्या शेंगदाणा तेलात पुऱ्या तळल्या होत्या. प्रमिलाबाईंनी पुरी नाकाशी नेली, पान पुढे सारलं आणि शेजारणीला म्हणाल्या, की ह्या तेलात सरकी आहे आणि तीही जुनी, कुबट. भरल्या मांडवात असं बोलतात का म्हणून चार बायांनी त्यांनाच झापलं. संध्याकाळपर्यंत अर्धं वऱ्हाड आडवं झालं होतं. त्यानंतर गावाने दुकानदाराचा नाद सोडला, घरटी भाग गोळा केला आणि रस्त्याकडेच्या जुन्या कापसाच्या गोदामात स्वतःचं दुकान काढलं. तापीमाई ग्राहक सहकारी भांडार. मालक गाव, गिऱ्हाईकही गाव. आणि पहिल्याच सभेत ठरलं, की प्रमिलाबाईंनी वास घेतल्याशिवाय तेलाचा डबा विकायचा नाही.

ते त्यांनी वर्षानुवर्षं केलं. डब्याचं झाकण उघडायचं, दोन थेंब तळहातावर घ्यायचे, दुसऱ्या तळव्याने चोळायचे, हात गरम झाले की ओंजळ नाकाशी धरून डोळे मिटायचे. सरकीचा थेंबभर शिरकाव असला तरी त्यांचे डोळे खाडकन उघडत. तेल चोख असलं की डब्याच्या कपाळाला कुंकवाचा टिळा. टिळ्याचा डबा शहाद्याचे लोकसुद्धा गाड्या थांबवून नेत. प्रमिलाबाई ह्या कामाचा एक पैसा घेत नव्हत्या, पण टिळा लावताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते पैशाने आलं नसतं.

यंदा गणपती उठले आणि त्या तापाने पडल्या. आठवड्याने उठल्या तर घरातल्या जेवणाची चव गेलेली. मीठ कळे, तिखट झोंबे, पण वरणाला वरणपण नव्हतं. संशय अर्थातच सुनेवर गेला. दामिनी ही मोजकं बोलणारी बाई. सकाळी कापूस वेचायला जायची, दुपारी येऊन चूल सांभाळायची. सासूबाईंनी ठरवून टाकलं, की ही फोडणीत हात आखडते आणि तूप कुठेतरी वळवते. त्यांनी तुपाच्या बरणीला नखाने खूण केली. दामिनीला ती दिसली. दुसऱ्या दिवसापासून ती सासूला स्वयंपाकघरात पाटावर बसवून त्यांच्या डोळ्यांदेखत फोडणीत हिंग घालू लागली. वरण तरीही तसंच. तेव्हा प्रमिलाबाईंचा संशय सुनेवरून उठला आणि हिंगावर जाऊन बसला. हिंग भांडारातला होता, म्हणून तिथून तो व्यवस्थापक हेमकांतवर गेला. हा मुलगा सज्जन होता, अत्तर लावून यायचा, आणि अत्तर लावणारा माणूस काहीतरी झाकत असतो असं प्रमिलाबाईंचं मत होतं.

नवरात्र बसलं तशा भांडाराच्या फळ्या भरू लागल्या. उपासाला धडगावकडची भगर आली, टोपल्यांतून सीताफळं आली, नव्या उडदाच्या गोण्या दाराशी टेकल्या. नव्या हंगामाचं पहिलं तेल आणलं भाईदासने. भाईदास त्यांच्या माहेरच्या नात्यातला, शेजारच्या गावात त्याचा घाणा होता. त्याने वाकून नमस्कार केला, माहेरची ख्यालीखुशाली सांगितली. प्रमिलाबाईंनी तळहात चोळले, ओंजळ नाकाशी नेली. वावगं काही आलं नाही. त्यांनी टिळे लावले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी रूथ आली.

रूथ नवापूरच्या डोंगरपट्टीतली. तिथल्या पाड्यावरच्या बायांनी मिळून लाकडी घाणा बसवला होता, आणि गेल्या सभेत भांडाराने त्यांच्या गटाला सभासद करून घेतलं होतं. हे पहिलंच तेल. पाड्यावरचा सगळा भुईमूग त्यात गेला होता, दिवाळीला भांडारातून तेल विकलं की पैसे देऊ अशा शब्दावर उचललेला. तेल गेलं नाही तर घाणा बंद पडणार होता आणि ह्याच बाया, पोरंबाळं घेऊन, पुन्हा गुजरातेत ऊसतोडीला जाणार होत्या. हे रूथने काही लपवलं नाही, आल्याआल्या सांगून टाकलं. पहिला डबा चर्चमध्ये कापणीच्या आभाराला ठेवला आणि दुसऱ्यापासून सगळे इथे आणले, असंही म्हणाली. डब्याला कुंकू लावलेलं चालेल ना, असं हेमकांतने चाचरत विचारलं, तर ती हसली. म्हणाली, डब्याला लावा, मला नको.

एवढी मोकळी हसणारी बाई पाहिली आणि प्रमिलाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी तेल चोळलं, ओंजळ नाकाशी धरली. काहीच नाही. घाण्याचं ताजं तेल म्हणे, मग शेंगदाण्याचा घमघमाट कुठे आहे? त्यांनी रूथकडे पाहिलं. गळ्यातला क्रूस, धुळीने माखलेल्या चपला, अनोळखी घामट चेहरा. त्यांनी कुंकवाची डबी मिटली.

"हाई तेलमा वासच नही," त्या म्हणाल्या. "काहीतरी मिसायेल शे."

रूथ म्हणाली, की ह्याच आठवड्यात काढलेलं तेल आहे, मीच घाण्यावर उभी होते. प्रमिलाबाई म्हणाल्या, घाण्यावर उभं राहणाऱ्यालाच मिसळता येतं. हेमकांतने स्वतः वास घेतला आणि त्याला तर छान येतोय म्हणाला. त्याला त्यांनी सांगितलं, की आधी अंगावरचं अत्तर धुऊन ये. मग जमलेल्या बायांनी एकेक थेंब हातावर घेतला, आणि गंमत अशी, की प्रमिलाबाईंनी एकदा म्हटल्यावर त्यांनाही काहीतरी कमी वाटायला लागलं. एक म्हणाली वास फिका आहे, दुसरी म्हणाली मागून सरकी येते. रूथचे डबे कोपऱ्यात गोणपाटाखाली गेले. रूथ रिकाम्या हाताने एसटीत बसली.

कोजागिरीला भांडाराच्या अंगणात सभासदांचं मसाला दूध असतं. मोठं पातेलं चुलाण्यावर चढतं आणि दूध आटवायचं काम कुणाचं, हे सांगायला नको. दुसऱ्याच्या हाती कालथा दिला तर तो दुधात पाणी घालील. त्या संध्याकाळी, चंद्र वर यायच्या आधीच, अंगण भरलं होतं. डब्यांचं काय ते विचारायला रूथही आली होती. नवापूरची गाडी चुकल्यामुळे तिचा मुक्काम हेमकांतच्या घरी ठरला होता आणि ती भांडाराच्या ओट्याच्या कडेला बसली होती.

प्रमिलाबाई ढवळत होत्या. मध्येच त्यांना दिसलं, की समोरच्या बायांनी पदर नाकाला लावलेत. मग एक दुसरीच्या कानाशी लागली. तिसरी उठून लांब जाऊन बसली. माझ्याबद्दलच बोलतात, प्रमिलाबाईंना वाटलं, ही रूथ आल्यापासून हवा बदललीय. रागाने त्यांचा हात अधिकच वरवर फिरू लागला. भीड सगळ्यांनाच होती, त्यांना टोकायला कुणी धजेना. शेवटी रूथ उठली, चुलाण्याशी येऊन उकिडवी बसली आणि तिने आतली लाकडं बाहेर ओढली.

"मावशी, दूध लागलंय," ती हळूच म्हणाली. "केव्हाचा वास सुटलाय. तुम्हाला नाही आला?"

प्रमिलाबाईंनी कालथा तळापर्यंत घातला. काळ्या खपल्या वर आल्या. अख्खं अंगण करपलेल्या दुधाच्या वासाने भरलं होतं आणि पातेल्यावर वाकलेल्या बाईला तेवढा पत्ता नव्हता. लाकडं ओली होती, कुणी आणली ही लाकडं, असं काहीबाही बोलून त्यांनी कालथा ठेवला आणि त्या सरळ घरी निघून आल्या.

घर रिकामं होतं, सगळे अंगणात. त्यांनी हिंगाची डबी काढून नाकाला लावली. वास नाही. हिंग नकलीच आहे, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. लसूण ठेचला. हल्लीचा लसूण, खताचा. उदबत्ती पेटवली. उदबत्तीत तर लाकडाचा भुसाच असतो. माठापासून मसाल्याच्या डब्यापर्यंत त्यांनी एकेक वस्तू हुंगली आणि प्रत्येकीत काय भेसळ आहे ते ठरवलं. एवढं सगळं जग एकाच वेळी कसं बिघडलं, हा प्रश्न मात्र त्यांना पडला नाही.

मग त्या गोठ्यात गेल्या. म्हशीने नुकताच पो टाकला होता, अजून वाफ निघत होती. प्रमिलाबाईंनी ते शेण हातात घेतलं आणि ओंजळ नाकाशी नेली, डोळे मिटून, अगदी तेलासारखी.

काहीच नाही.

शेणात कोण भेसळ करणार? म्हैस घरची, वैरण घरची. संशय घ्यायला दुसरं कुणी उरलंच नाही. प्रमिलाबाई तशाच, हात भरलेले, गव्हाणीला टेकून खाली बसल्या. त्यांना भीती वाटली, खरीखुरी.

आणि भीतीपाठोपाठ भाईदास आठवला. त्याच्या तेलाचाही वास आला नव्हता. रूथच्या तेलाचाही नव्हता. दोन्ही वेळा ओंजळ सारखीच मुकी होती. मग एकाला टिळा लागला आणि दुसरं गोणपाटाखाली गेलं, ते कशाच्या जोरावर? एक नात्यातला होता, नमस्कार करणारा. दुसरी डोंगरातली, चेहरा नवा, देव वेगळा. नाक गेलं होतं आणि प्रमिलाबाई माणसं हुंगत होत्या. हे त्यांना गोठ्यात बसल्या बसल्या लख्ख कळलं आणि त्यांना स्वतःची किळस आली. हात धुताना त्यांनी साबण दोनदा लावला, जणू शेणाचाच काय तो प्रश्न होता.

हे कळलं म्हणून माणूस लगेच कबूल होत नाही. दिवाळीपर्यंतचे दिवस प्रमिलाबाईंनी धास्तीत काढले. आता त्यांना संशय होता तो रूथचा. दूध लागलं तेव्हा तिने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, त्यावरून तिला कळलंय हे नक्की होतं. मग ती बोलत का नाही? चार लोकांत कधी उघडं पाडायचं, ह्याची वाट बघतेय का? गावातलं कुणी दारावरून गेलं तरी त्यांना वाटे, हा आता विचारणार. कुणीच विचारलं नाही आणि त्याचाही त्यांना त्रास झाला.

एके दुपारी त्या कुंकवाची डबी घेऊन भांडारात गेल्या. ठरवून गेल्या होत्या, की रूथच्या डब्यांना गुपचूप टिळे लावायचे, तेल आता मुरलं, निवळलं असं सांगायचं, आणि प्रकरण मिटवायचं. हेमकांतने आनंदाने गोणपाट बाजूला केलं. प्रमिलाबाईंनी अंगठा कुंकवात बुडवला आणि तो तसाच राहिला. वास न घेता टिळा लावणारी बाई आणि सरकी मिसळून शेंगदाणा म्हणून विकणारा तो दुकानदार, ह्यांत काय फरक? एवढ्यात शेजारच्या घरची सून भाईदासचा डबा डोक्यावर घेऊन बाहेर पडली. डब्याच्या कपाळाला त्यांचाच टिळा होता. त्या डब्यात काय होतं, हे प्रमिलाबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी अंगठा पदराला पुसला आणि डोकं दुखतंय म्हणून त्या परतल्या. पदरावरचा तो लाल डाग दामिनीने पाहिला.

धनत्रयोदशीच्या सकाळी भांडारात पाय ठेवायला जागा नव्हती. पणत्या, रांगोळी, नवा गूळ, पोह्यांची पोती, आणि घरोघर शेव-चिवड्याची घाई, म्हणून तेलापाशी सगळ्यात जास्त रेटारेटी. भाईदास स्वतः डब्यांशेजारी उभा राहून रामराम घेत होता. दारात एक पिकअप उभी होती. रूथ आणि तिच्यासोबतच्या दोघी गोणपाटाखालचे डबे उचलून गाडीत चढवत होत्या. त्या आपलं तेल परत न्यायला आल्या होत्या. रूथ आज हसत नव्हती.

आज सांगूनच टाकायचं असं ठरवून प्रमिलाबाई गर्दीतून वाट काढत पुढे झाल्या. तेवढ्यातही त्यांनी एक पळवाट काढलीच. भाईदासचा एक डबा उघडला, दोन थेंब रूथच्या तळहातावर घातले आणि तिला म्हणाल्या, तूच सांग हे कसं आहे. ती बोलली तर आपल्याला बोलावं लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

रूथने हात तसाच धरला, नाकाशी नेला नाही.

"मी नाही सांगणार, मावशी. चांगलं म्हटलं तर म्हणाल घाबरली. वाईट म्हटलं तर म्हणाल डूख धरला. आधी माझ्या तेलात काय होतं ते तुम्ही सांगा."

भोवतालची रेटारेटी थांबली. प्रमिलाबाईंना वाटलं, हीच ती वेळ, हिने नेमकी साधली. मग त्यांनी रूथच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिथे डाव नव्हता, फक्त थकवा होता. इतके दिवस ती गप्प राहिली, ते ह्या उत्तरासाठीच. प्रमिलाबाईंनी भाईदासच्या उघड्या डब्यावरचा टिळा पदराने पुसला.

"माले वास येत नही," त्या म्हणाल्या. मग मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाल्या. "ताप उना तवयपासून मन्हं नाक गयं. रूथनं तेल मी वास लिसन नही, मानूस देखीसन आडं ठेवं. आनि हाऊ टिळाबी तसाच शे, मानूस देखीसन लायेल."

माणूस पाहून तेल अडवलं आणि माणूस पाहूनच टिळा लावला, हे त्यांच्याच तोंडून सगळ्या गर्दीने ऐकलं. मग भाईदास बोलला, आणि बराच वेळ बोलला. इतक्या वर्षांचं नातं, भर बाजारात बेअब्रू, म्हातारपणी बुद्धी फिरली, असं बरंच. प्रमिलाबाईंनी ते ऐकून घेतलं. इतरांनी त्यांचं बोलणं आजवर असंच ऐकून घेतलं होतं.

हेमकांतने मग सुचलं ते केलं. रूथचा एक डबा आणि भाईदासचा एक डबा टेबलावर ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या एका तळहातावर हे, दुसऱ्यावर ते, असे थेंब घातले. आधी कुणी काही बोलायचं नाही, नुसतं चोळायचं. अख्खं भांडार तळहात नाकाशी धरून उभं राहिलं. प्रमिलाबाईंनी स्वतः हात पुढे केला नाही. त्या लोकांचे चेहरे बघत राहिल्या. कोण कुणाकडे पाहून मान हलवतो, कोण खरं बोलतो, हे शोधायची त्यांची जुनी खोड होती, पण आज ती उपयोगाची नव्हती. ह्या माणसांच्या तोंडून निघेल ते घ्यायचं, दुसरा इलाज नव्हता. रूथच्या तेलापाशी आल्यावर लोकांचे चेहरे सैल झाले. मागून सरकी येते असं दसऱ्याच्या आदल्या दिवशी छातीठोकपणे सांगणारी बाईच म्हणाली, की हा तर शेंगा भाजल्याचा वास. भाईदासच्या तेलावर मात्र एकमत झालं नाही. काहींना ठीक वाटलं, काहींनी तोंड वाकडं केलं. हेमकांतने ते तपासणीला पाठवायचं ठरवून फळीवरून खाली उतरवलं.

पिकअपमधले डबे परत उतरले. प्रमिलाबाई कुंकवाची डबी घेऊन रूथकडे गेल्या आणि टिळा लावू का म्हणून विचारलं. आयुष्यात त्यांनी कुणाला असं विचारलं नसेल. रूथने जरा विचार केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "तसंच जाऊ द्या."

ती रागाने म्हणाली नव्हती, पण तिने माफही केलं नव्हतं. दुपारपर्यंत तिचे सगळे डबे गेले, कोऱ्या कपाळाने. जाताना गाडीत बसलेल्या रूथने हात उंचावला. तो हेमकांतला होता की आपल्याला, हे प्रमिलाबाईंना कळलं नाही, तरी त्यांनीही हात वर केला.

संध्याकाळी दारात पणती लावून झाल्यावर दामिनीने ताट वाढलं. वरणबट्टी होती. प्रमिलाबाईंनी बट्टी कुस्करली, त्यावर वरण ओतून घेतलं आणि पहिला घास घेतला. मीठ होतं, तिखट होतं. बाकी वरण मुकंच होतं, आणि आता ते कदाचित कायमचंच मुकं राहणार होतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि हिंग घातलास का, म्हणून विचारलं.

दामिनी म्हणाली, घातला.

प्रमिलाबाईंची नजर सवयीने हिंगाच्या डबीकडे गेली. मग त्यांनी ती खाली ताटात आणली, आणखी थोडं वरण मागून घेतलं आणि जेवू लागल्या.